तांबूस बटेचं गंगावन

"ये चाय हे का सिरका?"

अब्बासमियांचा हा रोजचा सकाळचा प्रश्न.

"पी के देखो. मूं टेढा हुआ तो सिरका," हे खुर्शीदाचं रोजचं उत्तर.

नाशकाच्या काझीपुऱ्यातल्या त्या दोन खणी घरात आंबट वास भिंतींतच मुरला होता. परसात ओळीने बरण्या मांडलेल्या. ओझरकडच्या मळ्यांतून भोकरी द्राक्षं यायची, घडावरून गळालेली, फुटकी, बाजारात कुणी हात न लावणारी. खुर्शीदा ती कुस्करायची, रस गाळून बरणीत भरायची आणि त्यात जुन्या बरणीतली साय अलगद सोडायची. तयार सिरक्यावर अशी एक पांढरट, बुळबुळीत साय धरते. तिच्यामुळे नवा रस सडत नाही, त्याचा सिरका होतो. त्या चैत्रातल्या सकाळीही ती हेच करत होती. मनगटापर्यंत हात बरणीत, डोक्यावरून पदर घसरलेला, आणि खाटेवर तिचा नवरा अब्बासमियां बशी फुंकत बसलेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बशी त्यांना दिसे ती वाफेवरून.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. हाताने वाजवतात तशी नाही. कुणी कडीला धरून लोंबकळावं, तशी.

दारात साळूबाई उभी होती. पंचवटीतल्या खंडेराव ठेकेदारांच्या घरची मोलकरीण. पुलावरून पळत आली असावी, शब्दाला शब्द लागत नव्हता.

"खुर्शीदाबी, चला. तशाच चला. आमच्या धाकल्या बाई दिस उगवल्यापासून न्हाणीत बसल्यात. डोकं भाजतंय म्हन्त्यात अन् तांब्यावर तांब्या ओतून घेत्यात. ओठ निळं पडलं तरी उठंनात. अन् म्हन्त्यात, सिरकेवालीला बोलवा."

"मला? मी तर त्यांना अजून पाहिलंही नाही."

"त्येच तर म्हन्ते मी! देवळा गावची पोर. लगीन होऊन आत्ता कुठं घरात रुळती हाय. तुमचं नाव मी नाय काढलं, थोरल्या बाईंनी नाय काढलं. सिरका म्हंजी खायचा का प्यायचा त्ये तरी तिला ठावं असंल का?"

खुर्शीदाने हात पुसले. आणि जे ती प्रत्येक घरी विचारायची तेच विचारलं.

"केसांत गंगावन लावतात का त्या?"

साळूबाईने तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. "लावत्यात की. थोरल्या बाईंनीच लग्नात घेऊन दिलंय. लय लांब हाय. पर तुमाला काय करायचंय त्याचं?"

खुर्शीदाने सिरक्याची बाटली कापडात गुंडाळली, पायांत चपला सरकवल्या. मागून अब्बासमियां म्हणाले, "किधर चली?" तोवर ती दाराबाहेर पडली होती.

खुर्शीदा काही पहिल्यापासून केस धुवायला जात नव्हती. आधी ती घरीच बसून सिरका विकायची. लोणच्याला नेणारे नेत, मुरगळल्या पायाला नेणारे नेत. केसांचं वेड आलं ते साबणामुळे. हे एकोणीसशे छत्तीस-सदतीसच्या सुमाराचं. शिकेकाई कुटायचा कंटाळा करणाऱ्या सुनांनी डोक्याला साबण लावायला सुरुवात केली होती, आणि पेठेतल्या विहिरींचं पाणी जड. साबणाला फेस येईना, केसांवर पांढरी चिकट पुटं धरायची आणि वाळल्यावर डोकं घोंगडीसारखं व्हायचं. खुर्शीदाने उपाय सांगितला. साबण निघाला की कळशीभर पाण्यात पळीभर सिरका घालायचा, डोळे गच्च मिटायचे आणि ते पाणी मुळापासून टोकापर्यंत सोडायचं. पुटं जातात, कोंडा जातो, केस काचेसारखे होतात. ओले असेपर्यंत वास येतो. वाळले की तो वास कुठे जातो कुणास ठाऊक, पण जातो.

बायकांनी घरी करून पाहिलं. कुणी पळीच्या ठिकाणी पेला ओतला आणि डोकं सोलवटून घेतलं, कुणी डोळे उघडे ठेवले आणि घर डोक्यावर घेतलं. मग "खुर्शीदा, तूच येत जा बाई" असं झालं. पण ती घरोघर जाऊ लागली ती मात्र या कौतुकासाठी नव्हे. ते कारण तिने अब्बासमियांनाही सांगितलं नव्हतं.

तिला एकच मुलगी. मासूमा. कमरेखाली येणारे केस, दाट, जड, आणि मानेजवळ जन्मापासून एक बट तांबूस. गावातल्या तांबटांच्या आळीत घासूनपुसून ठेवलेला हंडा उन्हात दिसतो ना, तसली. लहानपणापासून तिचे केस सिरक्यानेच धुतलेले. डोळे मिटून, नाक मुरडून ती दर खेपेला विचारायची, "आंखां खोलूं?" आणि खुर्शीदा म्हणायची, "अभी नक्को." पाणी निथळलं तरी उगीचच एकदा जास्त म्हणायची. पोरीला ठाऊक असायचं, तरी ती डोळे मिटून बसायची.

पुढे मासूमाला विषमज्वर झाला. हकीम म्हणाले, केस उतरवा, डोक्यातली आग निघू द्या. पाणी मात्र डोक्याला लावू नका, पाण्याने सन्निपात होईल. खुर्शीदाने वेणी मुळापाशी बांधली आणि कात्रीने कापली. पोर रडायला लागली, तेव्हा तिला म्हणाली, "ठेवते नीट. बरी झालीस की याचंच गंगावन करू, नवे केस येईपर्यंत घाल." वेणी फडक्यात गुंडाळून आतल्या खुंटीला टांगली. पण आग काही निघाली नाही. पोर तळमळत म्हणायची, "अम्मी, सर जलता. पानी डाल." आणि खुर्शीदा हकीमांचं ऐकून नुसती वारा घालायची.

पोर गेली. घाईगर्दीत, रडारडीत वेणीची आठवण कुणालाच राहिली नाही. त्यांच्यात कापलेले केसही मातीआड करतात. पुढच्या जुम्मेरातीला, गुरुवारी, खुर्शीदा वेणी कबरीशी पुरायला म्हणून खुंटीपाशी गेली, तर खुंटी रिकामी.

झालं होतं ते असं. पेठेतल्या बायका विंचरताना निघालेला गुंतवळ उकिरड्यावर टाकायला भीत. कुणाच्या हाती लागला, कुणी त्याचं काहीबाही केलं तर? म्हणून सिरका न्यायला येताना गुंतवळाची पुरचुंडी खुर्शीदाच्या हाती देत, "तू काय ते बघ" म्हणत. ती त्या पुरचुंड्या त्याच खुंट्यांवर टांगून ठेवी आणि गंगावन वळणाऱ्या फिरस्त्या बायका आल्या की त्यांना देऊन सुया-बिब्बे घेई. मासूमा गेल्यावर दोन दिवसांनी अशीच एक बाई आली. खुर्शीदा कबरीवर गेलेली. अब्बासमियांनी चाचपून खुंट्यांवरचं सगळं काढलं आणि देऊन टाकलं. वर बायकोला सांगितलंही, "तुझं काम मीच केलं, बघ."

त्या म्हाताऱ्याला काय सांगायचं? तिने काहीच सांगितलं नाही. तेव्हापासून मात्र ती घरोघर जाऊ लागली. केस धुऊन झाले की म्हणायची, "गंगावन असेल तर तेही द्या, आणते धुऊन." बायका हसायच्या. "खुर्शीदा, तुला जित्या केसांपेक्षा मेल्या केसांचाच लळा फार!" ती पण हसायची आणि गंगावन बोटांतून सोडायची. चार डोक्यांचे केस एकत्र वळलेले असले की तिच्या बोटांना कळायचं. एका डोक्याचे असले तरी कळायचं. अशी कितीतरी गंगावनं तिच्या हातांखालून गेली. ती वेणी काही सापडली नाही.

पुलावर साळूबाई वाटभर बोलत होती. खाली नदी उन्हाळ्याची आटलेली, कुंडापाशी मात्र नेहमीसारखी गर्दी. कुणीतरी लांबगावचं माणूस अस्थींचं मडकं घेऊन पायऱ्या उतरत होतं. नाशकात नदीला गोदावरी म्हणणारी माणसं थोडी, सगळे गंगाच म्हणतात, आणि जे घरात ठेवायचं नाही ते गंगेत सोडतात.

"त्ये गंगावन बी तसलंच," साळूबाई आवाज उतरवून म्हणाली. "रातच्याला काढून खुंटीला अडकवत्यात. सकाळी टोकं ओली! खाली फरशीवर पानी. मी म्हनलं, उंदीर मुतला असंल. पर उंदराच्या मुताला द्राक्षाचा वास येतो व्हय?"

"कसला वास?"

"आंबूस. तुमच्या घरात येतो तसला." एवढं बोलून साळूबाईच दचकली आणि भराभर पुढे चालू लागली.

खंडेराव बाहेरगावी होते. त्यांच्या आई मंगलाबाई मागच्या अंगणात उभ्या होत्या, हातात जपाची माळ, पण मणी पुढे सरकत नव्हता.

"ये खुर्शीदा. बघ बाई काय ते. घरात सून आणली का पाणकोंबडी आणली मला कळेना झालंय. गंगावनाला हात लावू देत नाही, ओरडते. वैद्य बोलावू म्हटलं तर म्हणते, वैद्य नको, तो पाणी घालू देणार नाही."

खुर्शीदा तशीच न्हाणीकडे वळली.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. आत खिडकीतून उन्हाची एक तिरीप आली होती आणि तिच्यात खंडेरावांची बायको चंद्रभागा पाटावर बसली होती. चौदा-पंधराची पोर, लुगडं अंगाला चिकटलेलं, दात वाजत होते. तिचे स्वतःचे खांद्यापर्यंतचे विरळ केस, आणि त्यांत गुंफलेलं गंगावन पाठीवरून खाली उतरून फरशीवर पसरलेलं. काळंभोर. नको इतकं काळं. फरशीवरचं सगळं पाणी मोरीकडे वाहत होतं, पण गंगावनाभोवती मात्र तसंच थबकून राहिलं होतं.

"आलीस?" चंद्रभागा म्हणाली. मागे वळूनही न पाहता.

त्या घरातला रिवाज असा होता की केस खुर्शीदाने धुवायचे, पण शेवटचा तांब्या घरच्या माणसाने घालायचा. त्या तांब्याने सगळी शिवाशिव धुतली जाते, असं मंगलाबाई म्हणायच्या. म्हणून साळूबाई आडाकडे शेवटच्या तांब्याचं पाणी शेंदायला गेली आणि मंगलाबाई देवघरात अंगारा आणायला. न्हाणीत दोघीच उरल्या.

खुर्शीदाने कळशीत सिरका घातला, हाताने ढवळला. ओंजळीने पहिलं पाणी पोरीच्या माथ्यावर सोडलं आणि ती थांबली. माथा गार होता. बर्फासारखा. आणि तिने बोटं खाली नेली, जिथे चंद्रभागेचे केस संपून गंगावन सुरू होत होतं, तर तिथून पुढे केस गरम. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखे गरम.

तिने कळशी उचलली आणि ते पाणी सावकाश वरून खाली सोडलं. गंगावनातून काळं वाहू लागलं. वळणाऱ्या बाईने केस एकसारखे दिसावेत म्हणून काजळ आणि तेल चोळून बसवलेलं होतं, साध्या पाण्याने ते हलत नव्हतं. सिरक्याने सुटलं. काळी धार फरशीवरून मोरीकडे गेली. मग ती धार करडी झाली, मग स्वच्छ. आणि त्या केसांत, वरच्या टोकाशी, एक बट उन्हाच्या तिरिपेत हळूहळू उजळत गेली. तांबूस.

खुर्शीदाने ती बट चिमटीत धरली.

"आंखां खोलूं?"

आवाज चंद्रभागेचा होता. पण बोली काझीपुऱ्यातल्या घरांची, ती देवळ्याच्या पोरीच्या तोंडात यायचं काहीच कारण नव्हतं. पोरीने डोळे गच्च मिटले होते आणि नाक मुरडलं होतं.

इतक्या वर्षांच्या सवयीने खुर्शीदाची जीभ आपोआप हलली. "अभी नक्को."

पोर हसली. डोळे मिटून, खांदे जरा वर करून.

मग खुर्शीदाने दुसरी कळशी ओतली. तिसरी ओतली. त्यांत सिरका नव्हता, नुसतं गार पाणी होतं. ज्या दिवसांत घालायला हवं होतं त्या दिवसांतलं सगळं पाणी ती घालत होती. हाताखालचे केस हळूहळू निवत गेले. निवले तशी तिने गाठ सोडली, गंगावन मोकळं केलं आणि दोन्ही हातांवर घेतलं. ते ओल्या केसांच्या मानानेही फारच जड होतं. झोपलेलं मूल उचलावं तसं.

चंद्रभागेने डोळे उघडले. आधी तिने भिंतीकडे पाहिलं, मग खुर्शीदाकडे, आणि अंग चोरून घेतलं.

"तुम्ही कोण? मला थंडी वाजतेय. सासूबाई कुठंयत?"

"हायेत, हायेत," साळूबाई तांब्या घेऊन दारात आली. तिची नजर मोरीशी साचलेल्या काळ्या पाण्यावर गेली आणि तांब्यातलं निम्मं पाणी तिच्याच पायांवर सांडलं. "अगं आई गं! बाई, इकडं या! ह्ये बघा काय निघालं डोक्यातनं!"

मंगलाबाई धावत आल्या. सुनेला पंचात गुंडाळलं, अंगारा लावला, डोक्यावरून हात फिरवला. माया होती त्या हातात, खोटं कशाला बोला. पण मग त्यांची नजर खुर्शीदाच्या हातांकडे गेली.

"हे काय? हे तर काळं होतं ना गं? ही तांबडी बट कुठून आली?"

"काजळ होतं वरून. सिरक्याने गेलं."

"म्हणजे एकाच बाईचे केस हे." मंगलाबाई हळूहळू बोलत होत्या. "गुंतवळाचे नव्हेत. कापलेली वेणी आहे ही. आणि जिवंत बाई काय आपली वेणी कापून देते? कुणा मेलेलीचे केस मी माझ्या सुनेच्या डोक्यावर बांधले! हे लेवून ही गुढीच्या पूजेला बसली, हे लेवून हिने देवाला नैवेद्य दाखवला. कोण होती, कुठली होती, कुठल्या जातीची होती, देव जाणे."

"गोऱ्हेबाईंच्या सुनेचं झालं तसंच होनार," साळूबाई पुटपुटली. "बाधा झाली म्हनून तिला पाठवून दिली माहेरी, आजून आनली नाय."

"तू गप गं!" मंगलाबाई खेकसल्या. पण त्यांच्या डोळ्यांत तीच भीती होती, आणि ती पंचातल्या पोरीनेही पाहिली. चंद्रभागा खाली मान घालून दात वाजवत राहिली.

"खुर्शीदा, तू शेकडो डोकी धुतेस. तुला हातावरून कळतं म्हणतात. कुणाचे आहेत गं हे?"

खुर्शीदाने गंगावनाकडे पाहिलं. टोकांतून थेंब पडत होते, तिच्या पायांवर, एक एक. उत्तर तिच्या ओठांवर होतं. ते तिने दिलं असतं तर काय झालं असतं तेही तिला दिसत होतं. काझीपुऱ्यातल्या पोरीचे केस लेवून ठेकेदारांची सून देवापुढे बसली, ही गोष्ट दुपारच्या आत पूल ओलांडून गेली असती. या पोरीला शुद्ध करायला बसवलं असतं आणि मग देवळ्याची वाट धरायला लावली असती. एक पोर डोकं भाजून गेली होती. दुसरीचा संसार त्याच केसांपायी जाणार होता.

"नाही कळत, बाईसाहेब," ती म्हणाली. "चांगल्या घरच्या पोरीचे होते, एवढं कळतं."

"चांगल्या असोत, वाईट असोत. साळू, सुपात तांदूळ घे, नारळ घे. हे त्यात ठेव आणि जा गंगेवर. वाहत्या पाण्यात सोड आणि मागे वळून बघू नकोस."

"मी? एकली? नाय बा!"

"मग मी येते. पण आजच्या आज हे घरातून गेलं पाहिजे."

मंगलाबाईंनी सूप पुढे केलं. खुर्शीदाने त्यात गंगावन ठेवायला हात पुढे नेले, आणि ते तिथेच राहिले. हातांतले केस आता गार होते, जसे मासूमाला ताप यायच्या आधी असायचे तसे. वाळत आलेल्या वरच्या टोकापाशी सिरक्याचा वास येत नव्हता. ओल्या टोकांना अजून येत होता.

"ठेव ना," मंगलाबाई म्हणाल्या. "रडतेस का तू? खुर्शीदा? अगं, काय झालं?"

चंद्रभागेने पंचातून मान वर केली आणि त्या तांबूस बटेकडे पाहत राहिली, ओळखीचं काही आठवत असावं तशी. तिचे ओठ किंचित हलले, पण आवाज आला नाही.

खुर्शीदाने हात मागे घेतले. गंगावन छातीशी धरलं, तिची चोळी ओली झाली.

"बाईसाहेब, हे गंगेत सोडू नका," ती म्हणाली. "मला द्या."